भोकांचा हिशेब

निंबर्गी बाईंचा फोन आला तेव्हा
मी मागाखाली पाठीवर पडून
जेकार्डची तुटलेली दोरी ओवत होतो.
"दुडम, तुम्ही नक्षी काढता ना?
शाळेला लॉकर करायचेत. एकशे वीस.
दारांचं तेवढं तुम्ही बघा."

शाळा साखर पेठेतली. माझीच.
तिथं माझं दप्तर बाकाखाली असायचं,
म्हणजे मागच्याच्या पायाखाली.

अक्कलकोट रोडला नदाफचं वर्कशॉप.
तो म्हणाला, पत्र्याला हवा पाहिजे,
नाहीतर एप्रिलात डबा आंबतोय,
मोज्यांचं तर विचारूच नका.
भोकं पाडतो मी.
कुठं पाडायची, एवढं सांगा.

कुठं पाडायची.
माझ्या बापानं जन्मभर दुसरं काय केलं?
पुठ्ठ्याला भोक असलं तर धागा वर,
नसलं तर खाली.
मोर, कमळ, वेलबुट्टी,
चादरीवर जे उगवलं
ते सगळं त्या भोकांतून.

बाईंना बोधचिन्ह हवं होतं,
पणती आणि पुस्तक, एकशे वीस वेळा.
"मुलांना शाळा आपली वाटली पाहिजे,"
हे त्यांनी वहीत लिहूनच आणलं होतं.
मी म्हणालो, किनार तुमची घ्या.
वर दोन ओळी, खाली दोन,
दाराला दार लागलं की सलग पळेल.
मधलं पोत पोरांना सोडा.

आठवीला आलेखाचे कागद वाटले.
बसवराज कुडलनं रिक्षा काढली, तीन चाकांची,
चौथ्या चाकाला चौकोन उरले म्हणून तेही काढलं.
अफसाना बागवाननं पतंग.
एकानं शेंगा. एकानं बापाचा मोबाइल नंबर,
तो बाईंनी खोडला.
चंद्रकला गुंडेटीनं पान काढलं,
बाई म्हणाल्या, शाळेत विडीचं पान नको.
ती म्हणाली, विडी कुठाय बाई,
आई कापायच्या आधीचं आहे हे.

रजिता वंगारीचा कागद कोरा.
"सुचेना काय गं?"
"सुचलंय की मामा. हेच."
"म्हणजे?"
"एक पण भोक नको."
"किनार?"
"किनार चालंल."
"अगं, डबा आंबंल."
"डबा नाही ठेवणार."
मग काय ठेवणार,
हे माझ्या अगदी ओठावर आलं
आणि तिनं माझ्याकडं असं पाहिलं
की मीच एखाद्या भोकाला
डोळा लावून उभा होतो.

तिचं घर मला ठाऊक आहे.
एक खोली. निम्मी मागाची,
निम्म्यात सहा माणसं.
ट्रंक एकच, किल्ली आईच्या कमरेला.
वहीवर, उशीवर, भातावर कापसाची भुरी.
वही कुणीही उघडतं. हिशेब लिहायला
मागचं पान फाडून नेतं.

नदाफ कुरकुरला,
"ओळीत चूक दिसणार. लोक मला नावं ठेवणार."
खरंय. बाप असता तर म्हणाला असता, कार्ड चुकलं.
एवढा चौकोन रिकामा गेलेली चादर
आम्ही सेकंडात टाकतो, किलोवर विकतो.
मी म्हणालो, पाडू नको.
पाडलंस तर बिल देणार नाही.

आता मधल्या सुट्टीत व्हरांड्यात
एकशे वीस दारं एकदम आपटतात.
शिपाई शिवण्णा कानावर हात ठेवतो,
म्हणतो, पूर्वी गिरणीतनं सुटलो, आता हे.
पोरं घंटेच्या आधी येतात,
दुसऱ्याला आपलं दार दाखवतात,
आपल्या पतंगातून पलीकडं हाका मारतात.
बाईंनी फॉर्म भरून घेतले,
समाधान किती, एक ते पाच.
बसवराजनं सात लिहिलं.

रजिता सगळ्यांच्या शेवटी येते.
दार वीतभर उघडते,
हात आत घालते, तसाच रिकामा काढते,
बंद करते. किल्ली गळ्यात, लाल दोऱ्यात.
तो दोरा आमच्याच मागाचा.

परवा मी माझ्या टेबलाच्या खणाला
कडी बसवून घेतली, कुलूप घातलं.
बायको विचारते, आत काय हो?
अजून काही नाही.